नेब्रास्काच्या विधिमंडळाबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मुलगी ओमाहात आठवीत आहे, तिला नेब्रास्कावर प्रोजेक्ट करायचंय. भूगोल झाला, प्लॅट नदी, सँडहिल्सची गवताळ कुरणं, सगळं नकाशावर मस्त रंगवलंय. गाडी अडलीय सरकारपाशी. अमेरिकेच्या ५० राज्यांत एकच सभागृह असलेलं हे एकमेव राज्य, सेनेटर जॉर्ज नॉरिस यांनी गावोगाव फिरून प्रचार केला, १९३४ ला लोकांनी मतदानात मंजूर केलं आणि १९३७ पासून ते चालू आहे. ४९ सदस्य, आणि मतपत्रिकेवर नावापुढे पक्षच नसतो! मला हे फार आवडलं. पण आपल्याकडे विधानसभा आणि विधान परिषद बघितलेली, त्यामुळे ती विचारते की वरचं सभागृह नाही तर घाईत आणलेलं बिल अडवतं कोण, आणि मला नीट सांगता येत नाही. प्रत्येक बिलावर जाहीर सुनावणी होते एवढं माहितीये. राजधानी लिंकनला अशा सुनावणीला कुणी गेलंय का? मुलांना बसू देतात का, बोलायचं असेल तर नाव कधी द्यायचं? शिवाय नदीखोऱ्यांप्रमाणे आखलेले २३ नैसर्गिक संसाधन जिल्हे (आपल्यासारखे प्रशासकीय जिल्हे नव्हेत) पाणी सांभाळतात, त्यांच्या मीटिंगला कुणी गेलं असेल तर प्लीज तेही सांगा, पुढच्या आठवड्यात सबमिट करायचंय.