अनुभव धागा : नाताळच्या लाडक्या सिनेमांचे पुढचे भाग

नाताळचे घरगुती सिनेमे एकदा बघून संपत नाहीत. ते दरवर्षी लागतात, सगळे एकत्र बसून बघतात, संवाद पाठ होतात, आणि मुलं मोठी झाली की आपल्या मुलांना तेच दाखवतात. म्हणूनच वीस-तीस वर्षांनी त्यांचा पुढचा भाग येतोय म्हटलं की आधी आनंद होतो आणि पाठोपाठ धाकधूक. तोच नट परत येणार, पण आता तो कुणाचा तरी बाप असणार.

माझं मत आधीच सांगते. मधली वर्षं गेली हे ज्या पुढच्या भागांनी मान्य केलं, ते जमले. ज्यांनी तेच सापळे नव्या मुलाच्या हाती दिले, ते मला तरी परके वाटले. 'होम अलोन'चंच बघा, नाताळात घरी एकटा राहिलेला पोरगा केविन सापळे लावून चोरांना पळवतो तो. १९९० चा पहिला आणि १९९२ चा न्यूयॉर्कमधला दुसरा, दोन्ही जॉन ह्यूजने लिहिलेले, ख्रिस कोलंबसने दिग्दर्शित केलेले, दोन्हींना जॉन विल्यम्सचं संगीत. त्यानंतर १९९७, २००२, २०१२ आणि २०२१ मध्ये आणखी चार आले, आणि त्या चारांत केविनचं काम करणारा मॅकॉली कल्किन कुठेच नाही. २०१८ च्या डिसेंबरात गूगलच्या एका जाहिरातीत मात्र तो मोठा झालेला केविन म्हणून आला. तसाच आफ्टरशेव्ह, तसाच पलंगावर उड्या मारायचा प्रयत्न. त्या चार सिनेमांनी मिळून दिलं नाही ते मला त्या एवढ्याशा जाहिरातीत मिळालं.

तुम्ही लिहा. कोणता भाग, कुणाबरोबर बघितलात, काय आठवलं. वाईट अनुभवही चालतील. गोष्टींचे शेवट इथे फुटणार आहेत, ज्यांनी बघितले नाहीत त्यांनी जपून वाचा.

केवडा, ओहायो

आमच्या ओहायोत 'अ ख्रिसमस स्टोरी' (१९८३) म्हणजे घरचं कार्य. गोष्ट इंडियानातली, पण सिनेमात बाहेरून दिसतं ते त्यातल्या मुलाचं, राल्फीचं, घर क्लीव्हलंडच्या ट्रेमाँट भागात आहे. २००६ पासून तिथे संग्रहालय आहे आणि खिडकीत तो बाईच्या पायाच्या आकाराचा दिवा ठेवलेला असतो. टीव्हीवर हा सिनेमा नाताळच्या आदल्या संध्याकाळपासून चोवीस तास फिरून फिरून लावतात, १९९७ पासून. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका कुटुंबाकडे आम्ही पहिल्यांदा नाताळचं जेवायला गेलो, तेव्हा पानं वाढणं, भांडी, गप्पा सगळं चालू होतं आणि मागे हा चालूच. छऱ्यांच्या बंदुकीसाठी झुरणारा पोरगा आणि तळघरातल्या भट्टीशी सदा भांडणारा त्याचा बाप, असं येताजाता तुकड्यातुकड्यांनी बघितलं.

२०२२ च्या नोव्हेंबरात 'अ ख्रिसमस स्टोरी ख्रिसमस' आला. त्याच पावसाळ्यात माझे बाबा सांगलीला वारले होते. मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. सिनेमाची गोष्ट काय आहे ते न वाचताच मी तो लावला. साल १९७३. राल्फी शिकागोत राहतो, बायको, दोन मुलं, लेखक व्हायची धडपड. काम पीटर बिलिंग्जलीचंच, लहानपणी ज्याने केलं होतं त्याचंच. सुरुवातीलाच आईचा फोन येतो, बाप गेला. बापाची भूमिका करणारे डॅरेन मॅकगॅव्हिन २००६ सालीच वारले, त्यामुळे पडद्यावर बाप नाही आणि घरात मात्र जिकडेतिकडे तोच. आई राल्फीला म्हणते, तू लेखक ना, मग पेपरात द्यायला वडिलांवर तूच लिही. आणि त्याला काही केल्या लिहिता येत नाही.

आमच्याकडेही पेपरातला मजकूर मीच फोनवरून सांगितला होता. दादा म्हणाला, 'तुझं मराठी बरं आहे, तू सांग, मी उतरवून घेतो.' मी सांगितलं, बाबा तबला वाजवायचे, गुरुवारी भजनाला त्यांच्याशिवाय पान हलायचं नाही. छापून आलं तेव्हा 'दुःखद निधन', फोटो, 'त्यांच्या पश्चात पत्नी, मुलगा, मुलगी, सून, जावई, नातवंडे असा परिवार आहे.' ठरलेल्या चौकटीत तबला बसला नव्हता. सिनेमात राल्फीला शेवटी जमतं. त्याच रात्री मीही बसले आणि बाबांवर सविस्तर लिहिलं, भजनी मंडळासकट. सकाळी आईला फोन करून वाचून दाखवलं. ती मधे मधे 'हो, हो' म्हणत होती आणि एका ठिकाणी तिने मला दुरुस्त केलं, की ती पेटी पंढरपूरची नव्हे, मिरजेची.

धागाकर्ती

केवडाताई, ते लिहिलेलं जपून ठेवा. याच सिनेमाचा २०१२ सालीही एक दुसरा भाग निघाला होता, थेट डीव्हीडीवर. त्यात मूळचं कुणीच नाही. बाप झालाय डॅनियल स्टर्न, म्हणजे आपल्या 'होम अलोन'मधला उंच चोर. चांगला नट आहे, पण माझं मन त्यात लागलं नाही. २०२२ च्या भागात धाकटा भाऊ, दोन्ही मित्र, सगळी तीच माणसं वय वाढून परत येतात. लहानपणी दांडगाई करणारा स्कट फार्कस तर पोलीस झालाय.

दर्यावर्दी, वसई

आमच्या गावात नाताळचा सिनेमा म्हणजे 'होम अलोन'च. रात्रीची मिस्सा, मग सकाळी फराळाची ताटं पोचवणं, आणि दुपारी सगळी चुलत-मावस भावंडं मोठ्या काकांच्या ओटीवर, कारण केबल त्यांच्याकडेच. आजीला इंग्रजी येत नव्हतं. तिला चोरांशी देणंघेणं नव्हतं, तिचा जीव शेजारच्या त्या म्हाताऱ्या मार्लीत. तो देवळात, म्हणजे चर्चमध्ये, केविनच्या शेजारी येऊन बसतो, मुलाशी बोलणं तुटलंय म्हणून नातीचं गाणं चोरून ऐकायला आलेला असतो. आजी विचारायची, 'बोलला का मुलाशी?' दरवर्षी विचारायची.

२०२१ चा 'होम स्वीट होम अलोन' आम्ही तीच भावंडं आपापल्या पोरांना घेऊन बघायला बसलो. त्यात घरात शिरू बघणारं जोडपं खरं चोर नाहीच. त्यांची परिस्थिती ओढग्रस्तीची आहे, घर विकायची वेळ आलीय, आणि आपली एक किमती बाहुली ह्या पोराने पळवली असं त्यांना वाटतं. मग तो त्यांच्या अंगावर एकेक वस्तू सोडायला लागला तेव्हा ओटीवर कुणी हसेना. माझी वहिनी म्हणाली, 'अरे, बिचाऱ्यांचं घर चाललंय, कशाला मारतोय त्यांना?' तिथेच सिनेमा हातचा गेला. केविनचा दांडगा भाऊ बझ पोलिसाच्या वर्दीत येतो, नट तोच, तेव्हा मात्र आम्ही मोठ्यांनी टाळ्या पिटल्या आणि पोरं आमच्या तोंडाकडे बघत राहिली. तेवढा एक प्रसंग आमचा होता. संध्याकाळी पोरांनी स्वतःहून पहिला भाग लावायला लावला.

भिंगरी, पुणे

मी 'होम अलोन ३'ची बाजू घेणार. मला कांजिण्या आल्या होत्या, गादीवर कडुलिंबाचा पाला, शाळा बंद, मैत्रिणींना भेटायला मनाई. दादाने व्हीसीडी भाड्याने आणली. सिनेमातल्या मुलालाही कांजिण्याच आल्या आहेत आणि म्हणूनच तो घरी एकटा आहे! तो खाजवतो आणि आई ओरडते, अगदी तसंच आमच्याकडे चाललेलं. केविन नाही याचं मला काही वाटलं नाही, हा मुलगा माझा होता. त्याची बहीण म्हणजे लहानपणीची स्कार्लेट जोहान्सन, हे पुढे कळलं. आणि रॉजर ईबर्टसारख्या नामांकित समीक्षकाला हा भाग पहिल्या दोन्हींपेक्षा जास्त आवडला होता, तेव्हा मी एकटी नाही.

पाणकणीस, बर्मिंगहॅम

इंग्लंडात नाताळला 'द स्नोमॅन' लागतोच. १९८२ चा, जेमतेम अर्ध्या तासाचा, गोष्टीत कुणी एक शब्द बोलत नाही, मधे फक्त ते उडण्याचं गाणं. रेमंड ब्रिग्जच्या चित्रपुस्तकावरून केलेला. सकाळी मुलगा बाहेर धावतो तर बर्फाचा माणूस वितळलेला, उरलीत टोपी आणि मफलर. माझ्या मुलाने पहिल्यांदा बघितला तेव्हा तो रात्री जेवला नाही. आम्ही नुकतेच पुण्याहून इकडे आलो होतो आणि त्याचा कुत्रा टायगर आजीकडे ठेवून आलो होतो. पुढे टायगर तिकडेच गेला. फोनवर कळलं.

दुसरा भाग, 'द स्नोमॅन अँड द स्नोडॉग', बरोबर तीस वर्षांनी २०१२ च्या नाताळात चॅनल फोरवर लागला. तोही हाताने चित्रं काढूनच केलेला. दिग्दर्शिका हिलरी ऑडस आणि सहलेखिका जोआना हॅरिसन या दोघींनी पहिल्या भागातही चित्रकार म्हणून काम केलं होतं. पहिल्या सिनेमाचे निर्माते जॉन कोट्स त्याच वर्षी वारले आणि हा भाग त्यांना अर्पण केलाय.

आमच्या घरी तो लागला आणि मी हबकलेच. एक मुलगा त्याच जुन्या घरात राहायला येतो. त्याचा म्हातारा कुत्रा मरतो. मग त्याला जमिनीच्या फळीखाली एक खोका सापडतो, त्यात टोपी, मफलर, कोळशाचे तुकडे, सुकलेलं संत्रं आणि बर्फाच्या माणसाचा जुना फोटो. तो बर्फाचा माणूस करतो, आणि उरलेल्या बर्फाचा कुत्रा, कानांना पायमोजे. शेवटी बर्फाचा माणूस वितळतोच. ते त्यांनी बदललं नाही, आणि बदलायला नकोच होतं. पण सांताने दिलेला पट्टा गळ्यात घालताच कुत्रा खराखुरा होतो आणि मुलाकडे राहतो.

माझा मुलगा काही बोलला नाही. पुढे जानेवारीत बर्फ पडलं तेव्हा बाबांचे तपकिरी मोजे घेऊन बाहेर गेला. ओले झाल्यावर ते मोजे गोठून फळीसारखे ताठ झाले आणि कान दोन्ही बाजूंना आडवे उभे राहिले. 'टायगरचे असेच होते,' म्हणाला. खरंच असेच होते. आता तो कॉलेजात आहे आणि नाताळच्या सुट्टीत घरी आला की दोन्ही भाग पाठोपाठ लावतो, आधी जुना.

आजोबा, मुक्काम एडिसन

मुलाकडे आलो असताना नातीबरोबर 'द सँटा क्लॉजेस' ही मालिका बघितली, २०२२ ची. तिने आधी मला १९९४ चा मूळ सिनेमा दाखवला, मग २००२ आणि २००६ चे भाग, म्हणजे अभ्यास करून घेतला. मालिकेत टिम ॲलनचा सांता पासष्टीला टेकलाय, त्याची जादू ओसरायला लागलीय आणि तो निवृत्त व्हायचं ठरवतो. मी स्वतः निवृत्त माणूस. कपाटातल्या वस्तू दुसऱ्याच्या हवाली करताना कसं होतं ते मला ठाऊक आहे. त्याच्या जागी जो नवा सांता येतो तो नट काल पेन, म्हणजे भारतीय वंशाचा, आणि त्यालाही एक लहान मुलगी आहे. नात पटकन उठून बसली. 'आजोबा, सांता इंडियन आहे!' तो पुढे ड्रोनच्या नादाने सगळा घोळ करून ठेवतो, तरी तिने त्याची बाजू सोडली नाही.

सांताच्या मुलीचं काम टिम ॲलनच्या खऱ्या मुलीनेच केलंय. दोघांचे प्रसंग म्हणूनच इतके सहज झाले असावेत. आणि २००६ च्या भागात गायब असलेला बर्नार्ड हा एल्फ, म्हणजे सांताचा मदतनीस, परत आलाय. मला तो चेहरा बघून बरं वाटलं, जुना सहकारी भेटल्यासारखं.

रातराणी, नाशिक

मला समाधान आहे ते 'एल्फ'चा (२००३) पुढचा भाग आला नाही याचं. विल फेरेलने त्यासाठी देऊ केलेले २.९ कोटी डॉलर नाकारले, असं त्यानेच मुलाखतीत सांगितलंय. त्यातला नायक बडी पन्नाशीचा झालेला मला बघायचा नाही. आणि वर केवडाताईंनी लिहिलेला पीटर बिलिंग्जली 'एल्फ'मध्येही आहे, खेळण्यांच्या कारखान्यातला मिंग मिंग तोच. पुन्हा बघाल तेव्हा शोधा.

निवडुंग, शिकागो

विनेट्का आमच्यापासून जवळ. भारतातून कुणी आलं की केविनचं घर दाखवायला नेतो, रस्त्यावरूनच, कारण तिथे लोक राहतात. आतलं बरंचसं घर मात्र तिथलं नव्हेच. जवळच्या, तेव्हा बंद असलेल्या न्यू ट्रिअर वेस्ट शाळेच्या व्यायामशाळेत सेट उभारला होता, आणि पाणी भरलेलं तळघर शाळेच्या पोहण्याच्या तलावात. दर्यावर्दी, तुमच्या आजींसारखीच माझी सासू. घरापेक्षा तिला मार्लीचं देऊळ बघायचं होतं. ते बाहेरून एका गावातलं आणि आतून दुसऱ्याच, ओक पार्कमधलं. दोन्हीकडे नेऊन आणलं.

सोनटक्का, ठाणे

धागाकर्ती ताई, मुली सात आणि दहाच्या. यंदा काय लावू?

धागाकर्ती

'द स्नोमॅन'चे दोन्ही भाग एका संध्याकाळी, मधे जेवण न ठेवता. धाकटीला पहिल्याच्या शेवटाशी सोडू नका. 'होम अलोन'चे पहिले दोन दुसऱ्या दिवशी. 'अ ख्रिसमस स्टोरी' मुलींना दाखवा, त्याचा २०२२ चा भाग त्या झोपल्यावर तुम्ही दोघं बघा.