घारे डोळे, कुरळे केस आणि शनवार तेली : ओळख रक्तात असते का?

रेवदंड्याकडचा
परवा आमच्याकडे साखरपुड्याच्या पंगतीत एक वयस्कर पाहुणे बोलले की रक्त लपत नाही, घारे डोळे बघितले की माणूस कुठला ते कळतं. तेव्हा मला काही बोलता आलं नाही म्हणून इथे लिहितोय. रक्तात काहीही ठरलेलं नसतं, ओळख माणसं बनवतात असं माझं ठाम मत आहे. आपलाच किनारा बघा ना. नवगावजवळ जहाज फुटलं आणि सात पुरुष सात बायका वाचल्या, ही बेणे इस्राएलांची, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यूंची कथा. चित्पावनांची काय, तर समुद्रातून चौदा प्रेतं वाहून आली आणि परशुरामाने ती चितेवर शुद्ध करून उठवली. दोन्हीकडे समुद्र आणि दोन्हीकडे चौदाच! मॅक्स वेबर हा जर्मन समाजशास्त्रज्ञ म्हणतो की आपण एकाच मुळाचे आहोत असा विश्वास गट बनवतो, मग ते मूळ खरोखर एक असो वा नसो. बेणे इस्राएल धर्माप्रमाणे शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचे म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. ज्यू म्हणजे काय हे गावाला माहीतच नव्हतं, पण जात माहीत होती, मग जातीतच बसवलं त्यांना.

मुरूडची लेक
दादा, अजिबात पटलं नाही. माणसं बनवतात म्हणजे कोण बनवतं? माझ्या वर्गात एक सिद्दी, म्हणजे मूळ आफ्रिकेतून आलेल्यांपैकी मुलगा होता, कुरळे केस, काळाभोर रंग. त्याच्या पिढ्यानपिढ्या इथल्या, बोलणं आमच्यासारखंच, तरी नवीन आलेले सर पहिल्या दिवशी त्यालाच विचारायचे तू कुठचा. आम्हाला कुणालाच नाही विचारायचे. ती ओळख त्याने बनवली नव्हती आणि पुसताही येत नव्हती. थिअरी वाचून हे सगळं मानण्यावर आहे असं आपण म्हणतो, पण ज्याच्या चेहऱ्यावरच लोक ते वाचतात त्याच्यासाठी ते दगडाइतकं खरं असतं.

रेवदंड्याकडचा
खरं नसतं असं मी म्हटलंच नाही ताई. रंग खरा, पण रंगाचा अर्थ कोण ठरवतं ते बघा. त्याच रंगाचे सिद्दी राजपुरीसमोरच्या जंजिऱ्यावर नवाब होते, १९४८ ला संस्थान विलीन होईपर्यंत. आणि तिकडे अमेरिकेतल्या व्हर्जिनियात १९२४ च्या कायद्याने आफ्रिकी रक्ताचा थेंब असला तरी माणूस गोरा धरायचे नाहीत, गोऱ्याशी लग्न करायला बंदी. एकाच खंडातून आलेली माणसं, इथे गादीवर आणि तिथे कायद्याच्या खाली.

मालवणी मास्तर
माका विचारशात तर या वादात समाजशास्त्रज्ञ घुर्ये यायलाच हवेत, आमच्या मालवणचे, जन्म १८९३. रिस्ली नावाचा इंग्रज अधिकारी, १९०१ च्या जनगणनेचा प्रमुख, त्याचं म्हणणं असं की नाक जितकं रुंद तितकी जात खाली. घुर्यांनी त्याचीच नाकाची मापं घेऊन १९३२ च्या पुस्तकात दाखवलं की उत्तर प्रदेशाकडे थोडंफार जुळतं पण महाराष्ट्रात जातीची उतरंड आणि नाकाची उतरंड जुळत नाही. मात्र वंश ही कल्पनाच त्यांनी सोडून दिली नव्हती, रेवदंडेकरांनी हेही लक्षात घ्यावं. मला स्वतःला फ्रेडरिक बार्थ या मानववंशशास्त्रज्ञाचं १९६९ चं म्हणणं जास्त पटतं, गटाच्या आत काय आहे त्यापेक्षा गटाची शीव कशी राखली जाते ते बघा. शिवेपलीकडे येणंजाणं असतं, मासळीचा व्यवहार असतो, बोली एक असते आणि तरी शीव हलत नाही.

मंडणगड
मास्तर, ती शीव राखतं कोण हे बाबासाहेबांनी बार्थच्या कितीतरी आधी सांगितलंय, १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या निबंधात. जातीतल्या जातीत लग्न, तोच जातीचा गाभा. (त्यांचं मूळ गाव आंबडवे आमच्या तालुक्यात, म्हणून मला हे जास्त जवळचं.) पुढे १९४८ मध्ये त्यांनी घुर्यांचीच मापं वापरून अस्पृश्य वेगळ्या वंशाचे हे म्हणणं खोडून काढलं. म्हणून रक्त नाही इथपर्यंत मी रेवदंडेकरांच्या बाजूने. पण ओळख माणसं बनवतात हे वाक्य ऐकताना सगळ्यांच्या हातात सारखंच आहे असं वाटतं, आणि ते चूक आहे. बेणे इस्राएलांचंच घ्या. इस्राएलला गेले तर १९६० च्या दशकात तिथल्या धर्मगुरूंनी लग्नाआधी त्यांची वंशावळ तपासायला लावली, आंदोलन करावं लागलं, १९६४ ला संसदेने ते पूर्ण ज्यू आहेत असं म्हटलं तेव्हा वाद निवळला. आणि इथे असताना त्यांच्यातच गोरे इस्राएल काळे इस्राएल होतं, तेही बाहेरच्यांशी झालेल्या लग्नांवरूनच.

मुरूडची लेक
हेच म्हणायचं होतं मला. दादा, एक विचारू? त्या साखरपुड्यातली मुलगी आणि मुलगा एकाच जातीचे होते का?

रेवदंड्याकडचा
हो. माझीच बहीण ती. स्थळ आलं तेव्हा पत्रिकेच्या आधी पोटजात विचारली होती आम्ही. फोन मीच केला होता.