प्रस्ताव लिहून देणाऱ्या सल्लागाराला मंजूर निधीची टक्केवारी द्यावी का?

प्रश्न – सचिव, बीड जिल्हा

नमस्कार. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह चालवणाऱ्या एका छोट्या संस्थेचा मी सचिव आहे. आईवडील कोयत्यावर गेले की ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत त्यांची मुले आमच्याकडे राहतात आणि गावच्याच शाळेत जातात. संस्थेकडे १२ए (संस्थेला आयकर सवलत) आणि ८०जी (देणगीदाराला आयकर सवलत) या दोन्ही नोंदण्या आहेत, आणि वार्षिक खर्च चौदा-पंधरा लाखांच्या घरात असून तो आजवर गावातून आलेले धान्य आणि ओळखीच्या देणगीदारांच्या आधारावर भागत आला आहे. आता मुलींसाठी स्वतंत्र इमारत हवी असल्यामुळे कंपन्यांच्या सीएसआर (सामाजिक दायित्व) निधीकडे वळण्याचा विचार आहे.

त्यासाठी दोन सल्लागारांशी बोलणे झाले. पहिले नोंदणीचे म्हणून २५ हजार रुपये आधी घेणार आणि निधी मंजूर झाल्यावर त्याच्या १२ टक्के रक्कम मागणार. सीएसआर-१ अर्ज (सीएसआर निधी घेण्यासाठी संस्थेने करायचा नोंदणी अर्ज), डिजिटल स्वाक्षरी, सगळे पासवर्ड ते स्वतःच सांभाळतील, आम्हाला काहीच पाहावे लागणार नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. दुसऱ्या बाई एका संपूर्ण प्रस्तावाचे ४५ हजार रुपये मागतात आणि निधी मिळेलच अशी हमी देत नाहीत. आमच्या बहुतेक विश्वस्तांचा कल पहिल्यांकडे आहे, कारण मोठी रक्कम 'मिळाले तरच द्यायची' आहे. अशी टक्केवारी देणे योग्य आहे का, आणि दिलीच तर ती कोणत्या खर्चात दाखवायची?

उत्तर – हिशेबनीस

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यातच दडलेले आहे. ती टक्केवारी दाखवायला तुमच्याकडे जागाच नाही. सीएसआरचा पैसा ठरलेल्या प्रकल्पासाठी, मंजूर अंदाजपत्रकातील बाबींवर खर्च करायचा असतो. कंपनीच्या संचालक मंडळाला तो मंजुरीप्रमाणेच वापरला गेल्याची खात्री करावी लागते आणि कंपनीच्या मुख्य वित्त अधिकाऱ्याला तसे प्रमाणपत्र द्यावे लागते. समजा, इमारतीसाठी २० लाख मंजूर झाले आणि त्यातील २ लाख ४० हजार सल्लागाराला गेले, तर ते तुम्ही सिमेंटमध्ये दाखवणार की गवंड्याच्या मजुरीत? दोन्ही खोटे ठरेल. आणि तेवढी रक्कम गावच्या देणग्यांमधून देतो म्हणालात, तर ज्याने मुलांच्या जेवणासाठी पोतेभर ज्वारी दिली त्याला हा खर्च सांगताना आपल्याला काय वाटेल याचा विचार विश्वस्तांनी करावा.

टक्केवारीला थेट मनाई करणारे कलम मला दाखवता येणार नाही. प्रश्न पैसा ज्या हेतूने आला त्या हेतूचा आहे. निधी उभारणीचा व्यवसाय जिथे जुना आहे त्या अमेरिकेतही असोसिएशन ऑफ फंडरेझिंग प्रोफेशनल्स या संघटनेच्या आचारसंहितेत सदस्यांना जमा रकमेच्या प्रमाणात मोबदला घेण्यास मनाई आहे. कारण उघड आहे : टक्केवारीवर काम करणारा माणूस तुमची गरज जेवढी आहे तेवढी लिहीत नाही, आकडा मोठा कसा दिसेल ते पाहतो. तुम्ही बीडचे आहात, म्हणून इतकेच म्हणतो की उचल (मजुरीपोटी आगाऊ रक्कम) आणि मुकादम (मजूर पुरवणारा मध्यस्थ) ही पद्धत तुम्हाला कोणी समजावून सांगायची गरज नाही.

ठरावीक शुल्क मात्र रीतसर दाखवता येते. विश्वस्त मंडळाचा ठराव करा, लेखी करार करा, बिल घ्या. एका व्यक्तीला वर्षभरात दिलेले व्यावसायिक शुल्क ५० हजारांच्या वर गेले तर १० टक्के उगमकर (टीडीएस) कापावा लागेल, आणि सल्लागार जीएसटी नोंदणीकृत असल्यास वर १८ टक्के येतील, ते ४५ हजारांत धरलेले आहेत का हे आधीच विचारून घ्या.

डिजिटल स्वाक्षरी आणि पासवर्ड यांबाबत माझे मत ठाम आहे : ती कोणाच्याही हाती देऊ नये. सीएसआर-१ अर्जावर विश्वस्ताची डिजिटल स्वाक्षरी लागते आणि सनदी लेखापाल, कंपनी सचिव किंवा परिव्यय लेखापाल यांच्यापैकी एकाचे प्रमाणन लागते, म्हणजे हे काम तुमच्या लेखापालाकडूनच होणारे आहे. नीती आयोगाच्या दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या पोर्टलवरील नोंदणीही विनाशुल्क आहे. मग ते २५ हजार कसले? सल्लागाराने अर्जात स्वतःचा मोबाइल क्रमांक आणि ईमेल टाकला, तर पुढे कंपनीचे पत्र तुम्हाला न येता त्याला येईल, आणि तो बाजूला झाला की संस्थेची नोंदणी परत आपल्या हाती घेण्यातच महिने जातील. अशी प्रकरणे मी पाहिली आहेत.

उत्तर – सीएसआर विभागात काम केलेला

वरच्या उत्तराशी बहुतांशी सहमत आहे. कंपनीच्या बाजूने प्रस्ताव कसा वाचला जातो ते सांगतो.

कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ५०० कोटींचे निव्वळ मूल्य, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एक अट पूर्ण करणाऱ्या कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम खर्च करावी लागते, आणि आपल्या कामकाजाच्या परिसराला प्राधान्य द्यावे असेही त्याच कलमात म्हटले आहे. म्हणून बीडच्या संस्थेचा अर्ज आला की आमचा पहिला प्रश्न 'तिथे आपले काय आहे?' हा असायचा. याचे उत्तर तुमच्याकडे आहे, पण कोणताही तयार नमुना वापरणारा सल्लागार ते लिहिणार नाही : तुमच्या मुलांचे आईवडील ज्या कारखान्यांसाठी ऊस तोडतात त्यांतले काही खासगी कंपन्यांचे आहेत. सहकारी साखर कारखाने सहकार कायद्याखाली येतात, त्यांना कलम १३५ लागू नाही. पण खासगी साखर कंपनी त्या निकषांत बसत असेल तर तुमचा विषय तिच्या दाराशीच आहे. कोणत्या गावचे कोयते (ऊसतोड जोडपी) कोणत्या कारखान्याला जातात, याची यादी पालकांना विचारून करा. कंपन्यांच्या पत्त्यांची शंभर पानी यादी विकत घेण्यापेक्षा ती अधिक उपयोगी पडेल.

दुसरा प्रश्न असा येईल की संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना याच मुलांसाठी असताना तुमच्या वसतिगृहाची गरज काय. याला टाळाटाळ न करता उत्तर द्या. तुमच्या तालुक्यात ते वसतिगृह किती दूर आहे, तिथे कोणत्या इयत्तेची मुले घेतात, लहान मुले गाव सोडून तिथे राहतात का, हे प्रत्यक्ष जाऊन लिहून काढा.

अजून एक गैरसमज दूर करावासा वाटतो. सीएसआरमध्ये प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या आत हवा म्हणून गृहपालाचा पगार मागता येत नाही, असे अनेक संस्थांना सांगितले जाते. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चावर आहे. प्रकल्प राबवण्यासाठी थेट लागणारा खर्च तिच्यात येत नाही. गृहपाल, स्वयंपाकीण, शिक्षिका यांचे मानधन अंदाजपत्रकात उघडपणे मांडा.

उत्तर – प्रस्तावलेखक

मी हेच काम करतो, तेव्हा माझे मत त्या हिशेबाने वाचावे. टक्केवारी मीही घेत नाही, पण ठरावीक शुल्क घेणारा प्रत्येक जण प्रामाणिक असतो असेही नाही. ४५ हजारांत संस्थेचे नाव बदलून तोच मजकूर देणारे लोक आहेत. त्या बाईंना दोन गोष्टी विचारा : त्या वसतिगृहात येऊन एक दिवस राहतील का, आणि प्रस्तावाच्या मूळ वर्ड व एक्सेल फाइल्स तुमच्याकडे देतील का. पहिल्याला नकार आला तर पुढे बोलू नका.

'आपणच लिहू' हा सल्ला मात्र फार सहज दिला जातो. तुम्हाला काम माहीत असते, म्हणूनच त्यातले निम्मे तुम्ही लिहीत नाही. किती मुले मार्चपर्यंत टिकली, त्यांतली किती पुढच्या जूनला शाळेत परत आली, हे तुमच्या हजेरीवहीत असते आणि प्रस्तावात 'गरीब मुलांचे उज्ज्वल भविष्य' असते. चांगला सल्लागार ती वही मागून घेतो. शुल्क तीन हप्त्यांत ठेवा : माहिती गोळा झाल्यावर, मसुदा विश्वस्तांनी वाचल्यावर, आणि अंदाजपत्रकासह अंतिम प्रत हाती आल्यावर. एकदा नीट तयार झालेला प्रस्ताव थोड्याफार बदलांनी चार ठिकाणी चालतो, त्यामुळे तो खर्च एका अर्जाचा धरू नये.

प्रश्नकर्ता – सचिव, बीड जिल्हा

सर्वांचे आभार. पहिल्या सल्लागारांना नकार कळवण्याचा ठराव पुढच्या सभेत मांडतो. एक शंका राहते : त्यांनी परदेशातील महाराष्ट्र मंडळांकडून निधी आणून देतो असेही सांगितले होते. ते शक्य आहे का? आणि अर्ज कोणत्या महिन्यात करावा?

उत्तर – हिशेबनीस

एफसीआरए (परकीय योगदान नियमन कायदा) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय परदेशातील मंडळाचा एक रुपयाही घेऊ नका. भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासी व्यक्तीने आपल्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परकीय योगदानात मोडत नाही. पण परदेशी नागरिकत्व घेतलेल्या आपल्याच गावच्या माणसाची देणगी मोडते. त्यामुळे पारपत्राची प्रत घेतल्याशिवाय पावती फाडू नये.

उत्तर – सीएसआर विभागात काम केलेला

महिन्याबाबत : कंपन्यांचा वार्षिक कृती आराखडा आर्थिक वर्षाबरोबर चालतो आणि तुमची गरज ऑक्टोबरमध्ये निर्माण होते, तेव्हा ऑगस्टमध्ये अर्ज करणारी संस्था बहुधा उशिरा पोहोचलेली असते. जानेवारी-फेब्रुवारीत वसतिगृह भरलेले असताना अधिकाऱ्यांना भेटीला बोलवा आणि मार्चपूर्वी प्रस्ताव द्या. मे महिन्यात आलेल्या पाहुण्याला तुम्ही रिकाम्या खोल्याच दाखवू शकाल.