वडिलांना घरी आणलंय: मॉर्फिन, कूस आणि खाण्यावरून वाद

कुंपण
वडिलांचा कॅन्सर हाडांत पसरलाय, आता उपचार फक्त त्रास कमी करण्यासाठी. मॉर्फिन 10 मि.ग्रॅ. दर चार तासांनी, मध्ये दुखलं तर जादा एक. घरात आई, भाऊ आणि मी. जादा गोळी किती वेळा चालते? पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काय करायचं? आणि ते खात नाहीत, आई दर तासाला वाटी-चमचा घेऊन मागे लागते. त्यावरून रोज वाजतं.

निशाचर
ठरलेली गोळी दुखो न दुखो, घड्याळाप्रमाणेच द्या. "आत्ता बरं आहे, राहू दे" म्हणून चुकवली की दुखणं उसळतं आणि मग सहजी आटोक्यात येत नाही. जादा गोळी साधारण दिवसाच्या एकूण मात्रेच्या एक षष्ठांश असते. तुमचे 60 होतात, म्हणजे 10 बरोबर. ती दिली म्हणून पुढची ठरलेली गोळी ढकलायची नाही. वहीत वेळ लिहा, दुखणं 10 पैकी किती आणि तासाभराने किती तेही लिहा. दिवसात तीनपेक्षा जास्त वेळा लागू लागली तर मूळ मात्रा बदलायला हवी, वही घेऊन डॉक्टरांना गाठा. स्पंजिंग करतानाच दुखत असेल तर जादा गोळी अर्धा तास आधी.

गुंगी, मळमळ बहुधा काही दिवसांत ओसरते. बद्धकोष्ठ मात्र मॉर्फिन असेपर्यंत राहतं, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून हवं. इसबगोल नको, पाणी कमी पिणाऱ्याच्या आतड्यात त्याचा गोळा बसतो. चार दिवस काही नाही आणि अचानक पातळ होऊ लागलं, की लोक जुलाब समजून ते थांबवायची गोळी देतात. बऱ्याचदा आत खडा अडकलेला असतो आणि पातळ तेवढं बाजूने झिरपतं.

हलवूनही जागे होत नसतील, श्वास मिनिटाला 8 च्या खाली गेला असेल तर पुढची गोळी थांबवा आणि लगेच फोन करा.

अबोली
दर दोन तासांनी कूस बदला, पण पूर्ण कुशीवर नाही. पाठीमागे उशी लावून 30 अंशच कलतं ठेवा, म्हणजे भार खुब्याच्या हाडावर येत नाही. एक उशी गुडघ्यांमध्ये, एक पोटऱ्यांखाली. टाचा अधांतरी राहिल्या पाहिजेत. वर सरकवताना काखेत हात घालून ओढू नका: कातडी सोलवटते, आणि पोखरलेलं हाड मोडू शकतं. खांद्यापासून मांडीपर्यंत दुहेरी चादर अंथरून दोघांनी दोन्हीकडून उचला. माकडहाडावर लाल दिसलं तर बोटाने दाबून बघा. पांढरं न होता लालच राहिलं तर जखमेची सुरुवात आहे. तिथे चोळायचं नाही. मधे भोक असलेली गोल उशीही नको, कडेचा रक्तपुरवठा दबतो.

हाडांत पसरलंय म्हणून आणखी एक. पाठीत नवं दुखणं, पायातली ताकद जाणं, लघवी अडणं यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी हॉस्पिटल. मणक्यातली नस दबली असेल तर उशिराने पाय कायमचे जातात.

कुंपण
दोघांचे आभार. आईचं काय करू? आणि रात्री तिघंही जागतो.

निशाचर
आधी तोंडात बघा. पांढरे चट्टे असतील तर बुरशी आहे, औषधाने जाते आणि खाणं थोडं सुधारतं. ते नसेल तर आईला डॉक्टरांच्याच तोंडून ऐकू द्या की या टप्प्यावर शरीर अन्न अंगी लावून घेऊ शकत नाही. कोंबल्याने वजन वाढत नाही, ठसका आणि उलटी तेवढी होते. चमच्याऐवजी तोंडाची निगा आईकडे सोपवा: लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात एक छोटा चमचा मीठ, एक खाण्याचा सोडा, त्याने दिवसातून चार-पाच वेळा चूळ. चूळ भरवत नसेल तर मऊ कापडाने पुसायचं. नुसतं "नको करू" म्हणालात तर वाद चालूच राहील.

रात्री तिघांनी जागण्यात काही अर्थ नाही. एक रात्र एकाची, बाकीचे दुसऱ्या खोलीत. झोपतानाची मात्रा दुप्पट करून मधल्या रात्रीची गोळी वगळता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. बऱ्याच पेशंटना तसं देतात. आपल्या मनाने मात्र करू नका.