मदत हवी आहे: स्पर्धेच्या शनिवार-रविवारी वारा जोरात दिसतोय. 'थांबा' कोणी म्हणायचं आणि कशावरून?

पवनाकाठ

मंडळी, जरा तातडीचं आहे. आमचा पॅराग्लायडिंग क्लब छोटा, पवन मावळातल्या एका टेकडीवर उडणारा. येत्या शनिवार-रविवारी अचूक लँडिंगची स्पर्धा ठेवली आहे, म्हणजे खाली आखलेल्या टार्गेटच्या जितकं जवळ उतराल तितकं चांगलं. तीसेक नावं आलीत, त्यातले बरेचजण नाशिक, गोवा, हैदराबादहून येतायत. शेतमालकांशी बोलणं झालंय, जेवणाची ऑर्डर गेलीय, फ्लेक्स लागलाय, आणि संयोजक म्हणून नाव माझं. आता विंडी हे हवामानाचं ॲप उघडलं की पोटात गोळा येतो.

अंदाज असा: शनिवारी दुपारी ३ नंतर जमिनीलगत पश्चिमेचा वारा ताशी १८-२० किमी, झोत ३२ पर्यंत. ९०० हेक्टोपास्कलच्या थरात, म्हणजे साधारण हजार मीटर उंचीवर, ३० च्या आसपास. आमचा टेकऑफ समुद्रसपाटीपासून ९०० मीटरला, त्यामुळे तोच आकडा डोक्यात फिरतोय. रविवार किंचित बरा. सकाळी वारा हलका, पण पूर्वेचा, आणि टेकऑफचं तोंड पश्चिमेला. म्हणजे सकाळी वारा पाठीत, मधे उन्हाच्या थर्मल, म्हणजे वर चढणारी गरम हवा, आणि खारा वारा घाट चढून आला की विंग, म्हणजे डोक्यावरचं कापडी पंख, हातात राहत नाही.

क्लबमध्ये दोन तट पडलेत. एक म्हणतो, लोक इतक्या लांबून येतायत, ज्याची हिंमत असेल तो उडेल, आपण कोण अडवणारे. दुसरा म्हणतो, आत्ताच पुढे ढकला. मला एक आकडा हवाय ज्यावर बोट ठेवता येईल. तो कुठे मोजायचा, किती वेळ बघायचा, आणि स्पर्धा थांबवण्याचा शब्द कोणाचा? त्यातून शनिवारी ४ वाजता प्रमुख पाहुणे येणार आहेत. बरोब्बर ४ वाजता!

निवांत_घार

आकडा तयार आहे, नव्याने शोधायला नको. जागतिक हवाई क्रीडा संघटनेच्या अचूक लँडिंगच्या नियमांत वाऱ्याची कमाल मर्यादा सेकंदाला ७ मीटर आहे, म्हणजे ताशी साधारण २५ किमी. पण ही मर्यादा सरावलेल्या स्पर्धकांसाठी आहे. क्लबच्या स्पर्धेत, जिथे निम्मे लोक दोन-तीन हंगाम उडालेले असतात, तिथे मी ताशी २० वर थांबेन. आणि हा झोताचा आकडा धरायचा, सरासरीचा नाही. सरासरी १२ आणि मधेच २६ ही हवा सरळ वाहणाऱ्या २० पेक्षा वाईट.

मोजायचं टेकऑफला आणि टार्गेटला, दोन्हीकडे. वारा मोजायचा मीटर एका उंच काठीवर बांधा. हातात धरून उभं राहिलं की जमिनीलगतचा वारा कमीच भरतो आणि सगळ्यांना वाटतं, चालतंय की.

सी_रायझर

लोकांना हे लक्षात येत नाही म्हणून जरा गणित मांडतो. वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो. १८ चा वारा २७ झाला तर विंगवरचा रेटा दीडपट नाही, सव्वादोन पट होतो. टेकऑफला माणूस फरफटत मागे जातो तो यामुळे.

आता लँडिंग. साधी शिकाऊ किंवा मधल्या वर्गाची विंग हात वर ठेवून, म्हणजे ब्रेकच्या दोऱ्या न ओढता, ताशी ३६ च्या आसपास जाते. ग्लाइड आठास एक धरू, म्हणजे एक मीटर खाली येताना आठ मीटर पुढे. समोरून २७ चा वारा आला की जमिनीच्या हिशोबाने वेग उरला ९, आणि ग्लाइड दोनास एक. म्हणजे ३० मीटर उंचीवरून पुढे जेमतेम ६० मीटर. नेहमीच्या सवयीने फायनलला, म्हणजे उतरण्याच्या शेवटच्या सरळ टप्प्याला, वळलेला माणूस टार्गेटच्या बराच मागे उतरणार. आणि त्याच वेळी वारा एकदम पडून १५ झाला, तर ग्लाइड जवळजवळ पावणेपाचास एक. आता तो टार्गेटवरून पुढे निघून जातो आणि घाईत ब्रेक खोल ओढतो. पाय मोडतात ते इथे. ३२ च्या झोतात तर पुढे सरकणंच जवळपास बंद. जमिनीजवळ स्पीडबार (वेग वाढवायला पायाने दाबायची दांडी) मारून पुढे जायचा मोह होतो, तो धोक्याचा. पाय बारवर असताना विंग पुढून मिटली तर सावरायला उंचीच नसते.

मावळचा_अण्णा

मी उडत नाही, पण लँडिंगला लोक आमच्याच खाचरांत उतरतात. दादा, मार्चमधे भाताचे धसकटं वाळून कडक झालेले असतात आणि बांध गुडघाभर. वाऱ्यात विंग पडली की माणूस बांधावर आपटतो, हे डोळ्यांनी बघितलंय. टार्गेटच्या मागचे दोन-तीन बांध, वारा विंग ओढून नेतो त्या दिशेने, मोकळे आहेत का ते बघा, नाहीतर टार्गेट दुसऱ्या खाचरात न्या. पश्चिमेला आंब्याची झाडं आहेत त्यांच्या आडोशाला तर मुळीच नको. तिथे विंडसॉक, वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी, गरागरा फिरतो. आणि विजेच्या तारा पूर्वेला आहेत, म्हणजे मागे ढकलला गेलेला माणूस तिकडेच जाणार.

पवनाकाठ

अण्णा, हे सोन्यासारखं सांगितलंत. टार्गेट झाडांपासून जेमतेम ४० मीटरवर आखलं होतं, कारण प्रेक्षकांना सावली हवी होती! हलवतो. प्रेक्षक छत्र्या आणतील.

अनामिक_विंगवाली

माझं वजन ५४. विंगच्या वजनमर्यादेत मी खालच्या टोकाला असते, त्यामुळे वेग सगळ्यांपेक्षा कमी आणि झोतात विंग जास्त हलते. 'ज्याची हिंमत असेल तो उडेल' म्हणणारे काका नेहमी ९५ किलोचे असतात, हे बघून ठेवा. :) मर्यादा सगळ्यांना एकच ठेवा आणि ती सर्वात हलक्या उडणाऱ्याकडे बघून ठरवा. आणि न उडणाऱ्याला माइकवरून चिडवायचं नाही, हे निवेदकाला आधी बजावा. मागे एका स्पर्धेत निवेदक नाव घेऊन घेऊन 'येताय ना?' विचारत होता. अशाने नको ती माणसं रांगेत उभी राहतात.

निवांत_घार

हलक्या पायलटला पाण्याच्या पिशव्या लावा असा सल्ला कोणीतरी देईलच. वेग किंचित वाढतो, पण पायावर उतरताना तेच वजन गुडघ्यावर येतं. शिवाय वारा सेकंदाला ७ मीटरच्या आत असेल तर त्याची गरज नाही, आणि वर असेल तर उडायचंच नाही.

पडण्याचा नियमही मुद्दाम छापा. विंग जमिनीला लागायच्या आधी पायांशिवाय दुसरं काही टेकलं, गुडघा असो की हार्नेस (बसायचा पट्ट्यांचा संच), तर ते पडणं धरतात आणि सर्वाधिक गुण लागतात, म्हणजे ५००. या खेळात कमी गुणवाला जिंकतो, कारण गुण म्हणजे केंद्रापासूनचे सेंटिमीटर. हा नियम माहीत असला की लोक वाऱ्यात पाय लांब करून टार्गेटवर झेप घ्यायचं थांबवतात.

धौलाधार_रिटर्न

निर्णय कोणाचा, या प्रश्नावर. मोठ्या क्रॉस-कंट्री (लांब पल्ल्याच्या) स्पर्धांत, म्हणजे २०१५ साली बीर-बिलिंगला झाला तसल्या विश्वचषकात, हवेत असलेले पायलट रेडिओवर लेव्हल सांगतात. १ म्हणजे ठीक, २ म्हणजे काठावर, ३ म्हणजे थांबवा. त्यावरून टास्क, म्हणजे त्या दिवसाची शर्यत, थांबवायचं की नाही ते स्पर्धा-संचालक ठरवतो. तुमच्याकडेही हेच करा. खाली उतरलेल्या प्रत्येकाने एकच आकडा सांगायचा. गप्पा नाहीत, 'मजा आली' नाही. दोन जणांनी ३ म्हटलं की मीटर काहीही दाखवो, लाल झेंडा.

पण शब्द एकाच माणसाचा. तो स्वतः स्पर्धेत नसावा आणि क्लबच्या पैशांशीही त्याचा संबंध नसावा. संयोजकाने तो होऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. तुमच्या डोक्यात जेवणाची ताटं मोजणं चालू असणार.

सी_रायझर

+१. आणि वेळेचा हिशोब करा. दोन मिनिटांना एक टेकऑफ धरला तर तीस जणांना एक तास. वर जीपने परत यायचा वेळ वेगळा. मार्चमधे सूर्य पावणेसातला मावळतो. वारा पाचनंतर नरमला तरी एकच फेरी नीट होईल. एक फेरी पूर्ण झाली की निकाल लागेल, असं आत्ताच लिहून कळवा. पाच फेऱ्यांची स्वप्नं दाखवाल तर उरलेल्या चार भरायची घाई होईल.

पवनाकाठ

सगळ्यांचे आभार. काल रात्री बैठक झाली, बरीच तापली, पण ठरलं ते असं.

मर्यादा झोताला ताशी २०, टेकऑफ आणि टार्गेट दोन्हीकडे. सलग दहा मिनिटं त्याखाली राहिला तरच रांग सुरू, एक झोत वर गेला की दहा मिनिटं पुन्हा शून्यापासून. निर्णय शेजारच्या क्लबमधले एक ज्येष्ठ इन्स्ट्रक्टर घेणार, ते स्पर्धेत नाहीत. सकाळी पूर्वेकडे तोंड असलेल्या सरावाच्या छोट्या उतारावर एक वेगळी फेरी, ७ ते ९, वेगळं बक्षीस. दुपारी सगळ्या विंग पिशवीत. वाऱ्यात ग्राउंड हँडलिंगची, म्हणजे जमिनीवर उभं राहून विंग सांभाळायची, स्पर्धा घ्यायचं सुचवलं होतं काहींनी, पण ३० च्या झोतात जमिनीवरही माणूस ओढला जातो, तेही नको. एक फेरी झाली की निकाल. एकही झाली नाही तर जेवणाचा खर्च वजा करून पैसे परत, आणि हे आज सगळ्यांना मेसेजने गेलंय. दोघांनी नाव काढून घेतलं. चालेल.

पाहुण्यांना ६ ची वेळ दिली आहे. त्यांच्या स्वीय सहायकाने विचारलं, 'साहेब आल्यावर एक तरी माणूस आकाशात दिसेल ना?' मी म्हटलं, वाऱ्याला विचारून सांगतो.

आता एकच उरलंय. १०८ ला आधी कळवून रुग्णवाहिका दिवसभर मैदानावर उभी करून घेता येते का, की खासगी सांगावी लागेल? कोणी केलंय का हे?

मावळचा_अण्णा

१०८ बोलावल्यावर येते, तिचा दिवस तुमच्यासाठी अडकवू नका. तळेगावातून खासगी सांगा, आणि ती शाळेच्या पटांगणात उभी करा, खाचराच्या रस्त्याला वळवायला जागा नाही. मी शनिवारी सहाला येतो, बांध मोकळे करायला दोन पोरं घेऊन.