मदत हवी आहे: सी प्रॅक्टिकलमधली कॉपी थांबवायची कशी?

नमस्कार मंडळी. कोल्हापुरातल्या एका कॉलेजात बीसीएच्या पहिल्या वर्षाला सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवतो. लॅबही माझ्याच गळ्यात आहे.

मागच्या आठवड्यात पॅलिंड्रोमचा, म्हणजे उलटसुलट सारखीच संख्या ओळखायचा, प्रोग्राम दिला होता. तपासायला बसलो तर सतरा जणांच्या स्क्रीनवर 'नंबर'चं स्पेलिंग चुकलेलं, तेही एकाच अक्षरानं. व्हेरिएबलची नावं मात्र इमानदारीत बदललेली. एकानं तर 'तांबडा' आणि 'पांढरा' ठेवलीत! हसू दाबून लाल पेन उचललं.

शेअर्ड फोल्डर बंद केला तर पेन ड्राइव्ह आले. यूएसबी बंद केलं तर व्हॉट्सॲप वेब. नेट काढलं तर फोनवर फोटो, आणि फोन मांडीवर ठेवून बघून टाइप. (म्हणजे ती स्पेलिंगची चूकसुद्धा हातानं टाइप केली, आता बोला.) घरी करायला दिलं की चॅटजीपीटी. ते निदान ओळखू येतं, कारण मी फंक्शन शिकवायच्या आधीच कोडात फंक्शन असतंय.

मूळ प्रोग्राम कुणाचा ते कळलंय. कागलहून येणारा पोरगा आहे, हुशार. विचारलं तर म्हणाला, "संध्याकाळी त्याच एसटीनं जायचं असतंय सर, नाही कसं म्हणू?" गुण कापले तर जो शिकला त्यालाच शिक्षा. नाही कापले तर उरलेल्या सोळांचं काय?

स्टॅनफर्डचं मॉस, म्हणजे प्रोग्राममधलं साम्य शोधणारं सॉफ्टवेअर, तेही वापरून बघितलं. नावं बदलली तरी ते फसत नाही म्हणतात. त्यानं हा सतरांचा गठ्ठा सोडून भलत्याच दोघांना धरलं! असं का व्हावं? आणि पकडापकडी सोडून दुसरं काही कुणी करतं का?

प्रतिसाद १
मॉसचं बरोबर आहे सर. जो तुकडा दहापेक्षा जास्त प्रोग्राममध्ये सापडतो, तो शिक्षकांनीच दिला असणार असं धरून ते गाळतं. दहा हा आकडा आधीपासून ठरलेला असतो. कमांडमध्ये 'एम' पर्याय देऊन तो वर्गाच्या संख्येपेक्षा मोठा करा. तुम्ही खरंच काही कोड दिला असेल तर ती फाइल 'बी' पर्यायानं वेगळी द्या. म्हणजे गठ्ठा सापडेल.

प्रतिसाद २
मी इचलकरंजीला शिकवते. मी पकडणं सोडून दिलंय. प्रोग्राम कुठूनही आणू देत. सबमिशनच्या वेळी त्यांच्यासमोर दोन ओळी पुसते आणि म्हणते, भर. पॅलिंड्रोमला बाकी काढायची ओळ आणि दहानं भागायची ओळ पुसा. ज्याला समजलंय तो मिनिटभरात भरतो. गुण त्यालाच. कागलच्या पोराचे कापू नका हो.

धागाकर्ता
मॅडम, आज पहिल्या बॅचला करून बघितलं. सतरातले नऊ जण आज होते, त्यातल्या चौघांनी ओळी भरल्या. 'तांबडा-पांढरा'वाला त्यात होता, हे अजिबात वाटलं नव्हतं. एकानं भागायची ओळ लिहिलीच नाही, लूप थांबेना, मग मशीन तसंच सोडून पाणी प्यायला म्हणून गेला तो परत आलाच नाही. एकेकाला पाच मिनिटं लागतात, दोन तासांत सगळे होत नाहीत. तुम्ही वेळेचं कसं बसवता?