दाढीचा साबण कोणता घ्यावा? स्वस्त पाहिजे पण फेस टिकला पाहिजे (बोअरचं पाणी आहे)

बेसाकर
नमस्कार मंडळी. दोन महिने झाले, कार्ट्रिजवाला रेझर सोडून जुन्या पद्धतीनं दाढी करून राहिलो. सासऱ्यांच्या कपाटात त्यांचा जुना सेफ्टी रेझर सापडला, पितळी, खालचा दांडा फिरवला की डोकं उघडतं तो. पात्यांचं पाकीट आणलं आणि खर्च एकदम एवढा खाली आला की बायकोला वाटलं मी दाढी करणंच सोडलं.

आता गाडी अडली साबणापाशी. आधी ट्यूबमधली क्रीम होती, ७० ग्रॅमची, ती मला दीड महिना जाते, रोज दाढी करतो कारण ऑफिसात चालत नाही. कोणीतरी सांगितलं की गोल वडीवाला साबण घे, ब्रशनं घास, पुरून उरते, म्हणून गोदरेजची ती गोल वडी आणली. फेस येतो, वाटीत तर नुसता डोंगर, पण गालाला लावून उजवी बाजू होईपर्यंत डावीकडची पापडी झालेली असते, पुन्हा लावा, पुन्हा वाळतो. त्यात मे महिना, आमचं बाथरूम म्हणजे वरच्या मजल्यावरची भट्टी. पाणी बोअरचं, कूलरच्या ताट्यांवर पंधरा दिवसात पांढरा थर बसतो इतकं जड.

तर प्रश्न असे की अंगाच्या साबणानं काम भागतं का, बाहेरचे ते इटलीबिटलीचे साबण खरंच पैशाच्या लायकीचे असतात का की नुसता शौक, आणि जनावराची चरबी नसलेला कोणता मिळेल, चरबीवाला आई घरात ठेवू देणार नाही. महिन्याला पन्नासच्या वर जायचं नाही.

तर्रीबाज
दाढी ठेव ना बे. एवढा विचार मी गाडी घेताना नाही केला.

आता कामाचं. अंगाच्या साबणाच्या भानगडीत पडू नको. होस्टेलला महिनाअखेरीस आम्ही तेच करायचो, फेस येतो मस्त, पण हवेसारखा, पात्याखाली काहीच राहत नाही आणि मग दिवसभर गळा असा जळतो जसा सावजीचा रस्सा बाहेरून लावला.

महालकर काका
बेसाकर, मी चाळीस वर्षांपासून गोल वडीच वापरतो आहे. वडिलांची स्टीलची वाटी होती, तीच अजून आहे. साबणात दोष काढण्याआधी हात तपासा. तुम्ही ब्रश किती वेळ घासता? नवीन मुलं पाच-सात वेळा फिरवतात आणि फेस दिसला की थांबतात. तो फेस नव्हे, ते बुडबुडे. वडीवर आधी चमचाभर कोमट पाणी टाकून ठेवा, तोवर तोंड धुवा, मग ते पाणी ओता, ब्रश झटका आणि अर्धा मिनिट तरी घासा, जोवर ब्रशच्या टोकाला लोण्यासारखा गोळा चिकटत नाही तोवर. पाणी त्यानंतर, थेंब थेंब. वाटीत डोंगर झाला म्हणजे हवा जास्त गेली. फेस दह्यासारखा दिसायला पाहिजे, बुढ्ढी के बाल सारखा नाही.

क्रीमच्या ट्यूबा म्हणजे घोटलेला फेस विकत घेण्याचा प्रकार आहे. असो.

तेलवाला_एलआयटी
काकांची पद्धत बरोबर आहे पण बेसाकरचा खरा शत्रू पाणी आहे. मी एलआयटीत (नागपूरचं लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) ऑइल टेक्नॉलॉजी केलं, साबण शिजवून पाहिलेला माणूस आहे, तर जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर स्क्रोल करा.

साबण म्हणजे तेलातलं फॅटी ॲसिड आणि अल्कली. अंगाच्या साबणात सोडियम असतं, म्हणून वडी टणक, पाण्यात हळू विरघळते. दाढीच्या साबणात पोटॅशियमवालं अल्कली असतं, नुसतं किंवा सोडियमसोबत, त्यामुळे ब्रशला लवकर सुटतो, आणि त्यात स्टिअरिक ॲसिड मुद्दाम भरपूर घालतात. खोबरेल तेलानं फेस पटकन आणि फुगीर येतो पण पटकन बसतो, स्टिअरिकमुळे तो दाट आणि बारीक होऊन टिकतो. ग्लिसरीन ओलावा धरून ठेवतं. तर्रीबाजच्या होस्टेलच्या साबणात हेच स्टिअरिक कमी होतं, बाकी सावजीचा काही दोष नाही.

आता बोअरचं पाणी. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. साबण पाण्यात गेला की आधी त्यांच्याशी लग्न लावतो, त्यातून तो पांढरा चिकट साका होतो जो बादलीच्या कडेला बसतो. म्हणजे तुझ्या साबणाचा पहिला हिस्सा फेसाला मिळतच नाही, पाणी खाऊन टाकतं. तुला दिसतो फेस, पण तो आतून उपाशी आहे, म्हणून वाळतो. काकांच्या महाल भागात नळाला कन्हान-पेंचचं नदी-धरणाचं पाणी येतं, काकांना हा त्रास माहीत असायचं कारणच नाही.

उपाय फुकटात आहे. फेसासाठी पाणी लागतं किती, अर्धी वाटी. तेवढं पिण्याच्या फिल्टरचं घे. घरी आरओ नसेल तर पाणी उकळून गार कर आणि वरचं नितळ घे, बायकार्बोनेटमुळे असलेला जडपणा तेवढ्यानं खाली बसतो, सगळा जात नाही पण फरक कळतो. तोंड धुवायला बोअरचंच राहू दे. आणि हेही नाही जमलं तर साबण दुप्पट घास, एक मिनिटभर. महाग साबण आणून बोअरच्या पाण्यात घोटलास तरी हेच होणार.

महालकर काका
नळाचं म्हणाल तर आमच्या वाड्यात विहीर होती, तिच्याच पाण्यानं वडील दाढी करायचे. पण ते साबण फार घासायचे हेही खरं. आई ओरडायची.

सदरवाला
बाहेरच्या साबणांबद्दल मी सांगतो कारण माझ्या बाथरूमच्या फळीवर बारा डबे आहेत आणि घरच्यांनी आता मोजायला सुरुवात केलीये.

आर्को, तुर्कस्तानचा, ७५ ग्रॅमची कांडी. डायरेक्ट गालावर घासायची, मग ब्रश. फेस एक नंबर, साध्यासुध्या पाण्यातही. वास मात्र असा की काहींना लिंबू आठवतं आणि काहींना स्टेशनची मुतारी, अधलंमधलं काही नाही. किसणीवर किसून वाटीत दाबून बसवला की वडीसारखा वापरता येतो (किसणी वेगळी ठेव, मी ठेवली नव्हती, त्यावर वेगळा धागा होईल). पण त्यात चरबी आहे, तुझ्या आईकडून पास होणार नाही. सेला, मिलानचा, डब्यावर १८९९ छापलेलं असतं, कडू बदामाचा वास, खव्यासारखा मऊ. त्याचा नेहमीचा लाल डबाही चरबीचाच. त्याची न्हाव्यांसाठी एक किलोची वीट येते, चौघांनी मिळून मागवली की ग्रॅमच्या हिशोबात डब्यापेक्षा बरीच स्वस्त पडते, आम्ही तसंच केलं होतं, सुरीनं कापून चार डब्यांत भरली. तिघं अजून संपवू शकले नाहीत.

तुझ्यासाठी त्यातल्या त्यात प्रोरासोचा हिरवा. निलगिरी आणि मेंथॉल, चरबी नाही. नागपूरच्या मे महिन्यात मेंथॉलची किंमत पुण्यामुंबईच्या लोकांना नाही कळणार, दाढी झाल्यावर कूलरसमोर दोन मिनिटं उभा राहा फक्त. पण खरं सांगू का, तुझ्या बजेटमध्ये नाही बसत, आणि फेसाच्या बाबतीत चांगल्या पाण्यात घोटलेली गोदरेजची वडी त्याच्यापेक्षा फार मागे नाही. वरचे पैसे वासाचे आणि डब्याचे. मी शौक म्हणून देतो, तू वाचवायला निघाला आहेस तर नको देऊ.

आणि उन्हाळ्यात ऑनलाइन मागवताना सांभाळून. एकानं मला एप्रिलमध्ये पाठवलेला मऊ साबण पोचला तेव्हा अर्धा झाकणाबाहेर होता, पैसे परत करायला त्यानं तीन आठवडे घुमवलं.

तेलवाला_एलआयटी
चरबी ओळखायची तर मागचं बारीक वाचायचं. टॅलो किंवा टॅलोएट असा शब्द दिसला की जनावराची चरबी. पामेट म्हणजे पाम तेलाचं. स्टिअरिक ॲसिड मात्र दोन्हीकडून निघतं, नुसत्या नावावरून कळत नाही, तिथे हिरवा ठिपका पाहायचा. आपल्याकडे वनस्पती तेलाचे साबण काही नवीन नाहीत, गोदरेजनं शंभर वर्षांपूर्वीच चरबीऐवजी वनस्पती तेलाचा साबण काढला होता. आईला हे सांगून पाहा.

कैचीवाला
मी मानेवाड्याले सलून चालवतो, इथं सगळे साबणाचे पंडित दिसून राह्यले म्हणून थोडं बोलतो. आमी दुकानात वडी ठेवत नाही, एकाच्या तोंडावरून ब्रश दुसऱ्याच्या वडीवर नाही गेला पाह्यजे, म्हणून क्रीम, तेही मोठ्या ट्यूबा, व्ही-जॉनसारख्या, इतवारीतून डझनानं आणतो. घरी एकटाच वापरणार असाल तं वडी बेस्ट, त्यात वादच नाही.

पण भाऊ, फेस वाळतो म्हनता ना, मंग एकदम पूर्ण तोंडाले लावताच कशाले? दुपारच्या गिऱ्हाईकाले मी अर्ध्या तोंडाची करतो, मंग दुसरीकडं लावतो. आणि पंखा बंद ठेवा, आमच्या नवीन पोऱ्याले हेच शिकवा लागते. केस आधी दोन मिनिटं ओले राहू द्या, आंघोळीनंतर दाढी करा, आधी नाही. कोरड्या केसावर सोन्याचा साबण लावा, पातं ओढणारच. पहिला हात केसाच्या दिशेनं, उल्टा हात शेवटी आणि तोही गळ्यावर जपून. झाल्यावर तुरटी फिरवा, किराणा दुकानात दहा-वीस रुपयात खडा भेटते, वर्षभर पुरते. तुरटी लावल्यावर जिथं झोंबलं तिथं तुमचा हात जड पडला समजा.

आणि पातं चार-पाच दाढीनंतर फेका. साबणाले शिव्या देणारे अर्धे लोक म्हातारं पातं वापरून राह्यले असतात.

तर्रीबाज
कैचीवाला भाऊ, शेवटची ओळ मला होती का? महिना झाला माझ्या पात्याला.

कैचीवाला
महिना!! दुकानात ये राजा, फुकट करून देतो. पाहवत नाही.

कामठी_रोड
घरात कोणी माजी सैनिक असेल तर कँटीनमध्ये बघा, क्रीम-साबण छापील किमतीच्या खाली मिळतात. माझे वडील वर्षाचं सामान एकदम आणायचे. एवढंच.

बेसाकर
तीन आठवड्यांनी परत आलो, म्हटलं नुसते सल्ले घेऊन पळून जाणं बरं नाही.

आधी गाढवपणा सांगतो. तेलवाला भाऊंनी फिल्टरचं पाणी घे म्हटलं, तर मी हुशारी करून आरओची जी वाया जाणारी नळी असते तिचं पाणी घेतलं, म्हटलं फुकट जातंच आहे. फेस आधीपेक्षा वाईट! दोन दिवस साबणाला शिव्या दिल्या, मग डोक्यात प्रकाश पडला की सगळे क्षार तर त्याच नळीतून बाहेर येतात. तिसऱ्या दिवशी पिण्याचं पाणी घेतलं, तीच वडी, तोच ब्रश, आणि काकांच्या पद्धतीनं घासलं. पूर्ण दाढी झाली तरी कानाजवळचा फेस ओला होता. मी तर आरशात दोनदा बोट लावून पाहिलं.

मग हिशोब. साळ्याचं इतवारीत सराफ्याचं दुकान आहे, त्याच्या काट्यावर वडी तोलली, तो खूप हसला पण तोलून दिली. २१ दाढ्यांनंतर पुन्हा नेली, १४ ग्रॅम कमी. म्हणजे दाढीला पाऊण ग्रॅमच्याही आत. क्रीमची ७० ग्रॅमची ट्यूब मला ४५ दिवस जायची, म्हणजे दीड ग्रॅमच्या वर. निम्म्याहून कमी साबण लागून राहिला, आणि वडी तशीही ट्यूबपेक्षा स्वस्त. पन्नास रुपयांचं बजेट मी उगाच सांगितलं होतं, त्याच्या कितीतरी आत आहे. उरलेल्या पैशात तुरटी आली, ती पहिल्या दिवशी गळ्यावर अशी झोंबली की कैचीवाला भाऊंना मनातल्या मनात नमस्कार केला. पंखा बंद ठेवतो, अर्ध्या तोंडाची करतो, घाम येतो पण चालते.

प्रोरासोचं सदरवाल्यानं डोक्यात घालून ठेवलंय, पुढच्या उन्हाळ्यात बघू.

सदरवाला
पुढच्या उन्हाळ्याला कशाला, डबा घेऊन ये, चार-पाच दाढ्यांपुरता काढून देतो. माझ्याकडचा एक तरी कमी होईल.

महालकर काका
पाऊण ग्रॅम जरा जास्तच वाटतं. ब्रश आणखी झटकत जा.

बेसाकर
हो काका, झटकतो 🙏 सदरवाला भाऊ, रविवारी येतो. बाकी घरी एक नवीन लफडं झालं, पिण्याच्या पाण्याची एक बाटली बाथरूमसाठी वेगळी ठेवली आणि कोणी पिऊ नये म्हणून तिच्यावर मार्करनं "दाढी" लिहिलं. काल सासरे आले होते, त्यांनी बाटली पाहिली, मग फळीवरचा रेझर पाहिला, हातात घेऊन दांडा फिरवून बघितला आणि म्हणाले, हा इथे आहे होय. आता कोणाला पितळी सेफ्टी रेझर कुठे मिळतो माहीत असेल तर सांगा.